व्हिस्कोइलॅस्टिक टर्ब्युलन्सचं सिम्युलेशन: ‘नॅन’ आला म्हणून या चुका करू नका

चॅनेल फ्लोचा (दोन समांतर भिंतींमधल्या प्रवाहाचा) न्यूटोनियन, म्हणजे पाण्यासारख्या साध्या द्रवाचा, कोड नीट चालत असतो. त्यात फेने-पी (FENE-P) हे मर्यादेपर्यंतच ताणल्या जाणाऱ्या पॉलिमर साखळ्यांचं मॉडेल जोडलं, वायसेनबर्ग संख्या (पॉलिमरचा सैलावण्याचा वेळ गुणिले प्रवाहाचा ताणण्याचा दर) वाढवली, की थोड्याच वेळात पडद्यावर ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘ही संख्याच नाही’). इथवर सगळ्यांचं सारखंच होतं. खरी गडबड त्यानंतर सुरू होते.

कृत्रिम डिफ्यूजन ओतणं. ही सर्वांत लाडकी पळवाट. कन्फॉर्मेशन टेन्सर म्हणजे साखळ्या किती आणि कोणत्या दिशेने ताणल्या आहेत ते सांगणारं मॅट्रिक्स. त्याचं समीकरण हायपरबोलिक असतं, त्याला स्वतःचं डिफ्यूजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे टेन्सरचे चढउतार ग्रिडपेक्षा बारीक होतात आणि कोड उडतो. 1997 मध्ये सुरेशकुमार, बेरिस आणि हँडलर यांनी पॉलिमर द्रावणाच्या चॅनेलचं पहिलं डीएनएस (टर्ब्युलन्सचं मॉडेल न वापरता केलेलं थेट सिम्युलेशन) केलं तेव्हा समीकरणात हे डिफ्यूजनचं पद घातलं होतं. त्या काळच्या संगणकांवर ते समजण्यासारखं होतं. आजही डोळे मिटून तेच करणं समजण्यासारखं नाही. खऱ्या पॉलिमरची श्मिट संख्या (श्यानता भागिले डिफ्यूजन) दहा लाखांच्या घरात असते आणि रन वाचवायला लोक ती 0.5 ठेवतात!

याची किंमत काय, ते सिड, टेरापॉन आणि ड्युबिएफ यांनी 2018 मध्ये दाखवलं. घर्षण-रेनॉल्ड्स संख्या (भिंतीवरच्या घर्षणातून काढलेल्या वेगावरची रेनॉल्ड्स संख्या) 85, वायसेनबर्ग 40 आणि 100. डिफ्यूजन नसताना इलॅस्टो-इनर्शियल टर्ब्युलन्स (पॉलिमरचा ताण आणि प्रवाहाचं जडत्व मिळून चालवतात तो) द्विमितीतही टिकून राहतो. डिफ्यूजन वाढवत नेलं की बारीक इलॅस्टिक स्केल्स मरतात आणि शेवटी प्रवाह चक्क लॅमिनार, म्हणजे शांत थरांचा, होतो. श्मिट 100 असतानाही आकडे बरेच बदलतात. म्हणजे रन सुरळीत चालला, पण जे बघायला निघालो तेच पुसलं गेलं. उलट बाजूही आहे: डिफ्यूजनचं पदच भिंतीलगत नवी अस्थिरता निर्माण करू शकतं, हे 2023 मध्ये बेनिटेझ, पेज आणि करस्वेल यांनी कूएट प्रवाहात (भिंत सरकवून चालवलेल्या) दाखवलं.

‘मी डिफ्यूजन घातलंच नाही’ म्हणणाऱ्यांनी आपली अॅडव्हेक्शन स्कीम (प्रवाहाबरोबर वाहून नेणारं पद मोजायची पद्धत) तपासावी. फर्स्ट-ऑर्डर अपविंडचं संख्यात्मक डिफ्यूजन साधारण वेग गुणिले ग्रिड-अंतर भागिले 2 इतकं असतं. वॉल युनिटमध्ये (भिंतीवरचं घर्षण आणि श्यानता यांवरून ठरवलेली एककं; त्यांत श्यानता 1) वेग 15 आणि अंतर 10 धरा: 75 आले. म्हणजे प्रवाहाच्या दिशेने श्मिट सुमारे 0.013. मागच्या दाराने आलेलं डिफ्यूजनही डिफ्यूजनच. कुर्गानोव्ह-टॅडमोर किंवा तशीच स्लोप मर्यादित ठेवणारी सेकंड-ऑर्डर स्कीम वापरा. रन महाग पडेल, पडू द्या.

ऋण आयगेनव्हॅल्यू कापून शून्याच्या वर आणणं. टेन्सर पॉझिटिव्ह डेफिनिट (सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन) राहायलाच हवा. नुसता ट्रेस (कर्णावरच्या घटकांची बेरीज) पाहून भागत नाही: वरच्या डाव्या कोपऱ्यातला घटक, वरचा 2×2 डिटरमिनंट आणि पूर्ण डिटरमिनंट, तिन्ही धन हवेत. कापाकापी करणारा कोड किती बिंदूंवर कापतो, ते दर स्टेपला छापत जा. आकडा वाढत असेल तर तो रन ठेवू नये. फट्टल आणि कुपफर्मन यांची 2004 ची लॉग-कन्फॉर्मेशन पद्धत टेन्सरऐवजी त्याचा लॉग सोडवते आणि हा प्रश्न मुळातूनच सोडवते.

मात्र लॉग घेतला म्हणजे फेनेची वरची मर्यादा सांभाळली गेली, असं नाही. एल म्हणजे साखळीची कमाल ताणलेली लांबी; ट्रेस एलच्या वर्गाच्या पुढे गेला की पीटरलिन फंक्शन (मॉडेलमधला स्प्रिंगचा कडकपणा) ऋण होतं. ते नव्या टाइमस्टेपवर घ्या. ट्रेससाठी वर्गसमीकरण येतं आणि त्याचं एक मूळ नेहमी मर्यादेच्या आत असतं.

वायसेनबर्गची व्याख्या न लिहिणं. घर्षण-रेनॉल्ड्स 180 च्या न्यूटोनियन चॅनेलमध्ये वॉल युनिटवरची संख्या सरासरी वेग आणि अर्ध्या उंचीवरच्या संख्येच्या जवळपास 11.5 पट भरते. नुसतं ‘40’ लिहून काहीच कळत नाही.

स्थिर दाबउतारावर पॉलिमरमुळे ड्रॅग (प्रवाहाला होणारा घर्षणाचा विरोध) कमी झालं का ते भिंतीवर शोधणं. तिथे भिंतीवरचा ताण ठरलेलाच असतो. प्रवाहाचा दर किती वाढला ते बघा.

न्यूटोनियन कोडचा बॉक्स (सिम्युलेशनचा भाग) तसाच वापरणं. पॉलिमरमुळे स्ट्रीक्स (भिंतीलगतचे कमी-जास्त वेगाचे पट्टे) रुंद आणि लांब होतात. बॉक्स वाढवा.

घाईने सरासरी काढणं. रेनॉल्ड्स, श्यान आणि पॉलिमर ताणांची बेरीज भिंतीपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत उतरायला हवी. ती वाकडी असेल तर आकडेवारी अपुरी आहे किंवा पॉलिमर ताणाचा गुणक चुकलाय. पण सरळ आली म्हणून खूश होऊ नका: डिफ्यूजन कितीही ओतलं तरी ती सरळच येते. त्यासोबत ट्रेसचा ताळेबंद मांडा. संपूर्ण चॅनेलवर ताणल्यामुळे होणारी वाढ आणि रिलॅक्सेशनमुळे होणारी घट सारखी हवी. कापाकापीतून आलेली भर इथे लगेच उघडी पडते.