कमरेची कॅमेरा बॅग: घेण्याआधी आणि निघण्याआधी

विदर्भात मार्च लागला की पाठीवरची सॅक नकोशी होते. कपडे पाठीला चिकटतात, सॅकचं फोम भिजून जातं आणि लेन्स बदलायची म्हटलं की सगळं उतरवून खाली ठेवावं लागतं. खाली म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, हिवाळ्यात दवानं भिजलेलं गवत. कमरेची बॅग जमिनीला टेकवावीच लागत नाही. पाठ मोकळी राहते आणि हात खाली नेला की हवी ती वस्तू सापडते. वावरात, जत्रेत, जंगलाच्या काठानं पायी फिरून फोटो काढायचे असतील तर कॅमेरा कमरेलाच असावा, हे माझं पक्कं मत आहे. मात्र बॅग निवडताना पट्टा आधी बघा, पिशवी नंतर. बहुतेक जण दुकानात कप्पे मोजत बसतात, आणि चार तासांनी कंबर दुखायला लागली की पट्ट्याकडे लक्ष जातं.

दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी घरात सतरंजीवर सामान मांडा. आहे ते सगळं नको, एका फेरीत खरोखर हाताळता तेवढंच. मग स्वयंपाकघरातल्या नाही तर किराण्याच्या काट्यावर त्याचं वजन करून घ्या. नव्यानं शिकणाऱ्यांच्या हातात बऱ्याचदा दिसणारा कॅनन १५००डी बॅटरी-कार्डासह ४७५ ग्रॅमचा आहे. त्याची १८-५५ मिलिमीटरची लेन्स २०० ग्रॅमच्या आसपास, ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅम. जास्तीची बॅटरी, कार्डं, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), पुसायचं कापड धरून हे सव्वा किलोच्या आसपास जातं, आणि बॅगेचं स्वतःचं अर्धा-पाऊण किलो मिळवलं तरी दोन किलोंत बसतं. एवढं कमरेला पेलतं. निकॉनची २००-५०० लेन्स एकटीच २३०० ग्रॅमची आणि पावणेसत्तावीस सेंटिमीटर लांब आहे. ती कमरेला लटकवायचा हट्ट धरू नका, तिला सॅकच बरी. बॅगेसकट सव्वादोन किलो ही मी कमरेची हद्द मानते. कुणी साडेतीन किलो घेऊन फिरतही असेल, पण नांगरलेल्या वावरातून दिवसभर नाही.

वजनानंतर माप. बॅगेच्या चिठ्ठीवर बहुधा बाहेरचं आणि आतलं अशी दोन मापं असतात. आतलं वाचा, कारण फोम प्रत्येक बाजूनं सेंटिमीटरभर जागा खातं. १५००डीला १८-५५ लावून लेन्सचं तोंड खाली करून ठेवायचं असेल तर आत साधारण १६ सेंटिमीटर खोली आणि ११ सेंटिमीटर जाडी लागते. शेजारी दुसरी लेन्स उभी करायची तर आतली रुंदी २१-२२ सेंटिमीटर. यापेक्षा फार मोठी बॅग घेतली की सामान आत हलतं, आणि रिकामी जागा दिसली की माणूस त्यात काही तरी कोंबतोच. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची सावलीची कडी, उलटं लावून ठेवण्याची सवय असेल तर मापही हूडसकटच घ्या.

आता पट्टा. इथे घाई करू नका. दोन्ही हात कमरेवर ठेवले की तळव्याखाली जी हाडं लागतात, त्यांच्या वरच्या कडेवर पट्टा बसला पाहिजे. तिथे बसला तर वजन थेट पायांत उतरतं. पोटावर बसला तर चालताना श्वास अडतो, नितंबांवर घसरला तर दर दहा पावलांनी वर ओढावा लागतो. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधतात, तिची गाठ कुठे असते ते एकदा नीट बघा. अगदी हाडावर आणि घट्ट. ओटी भरत आली की त्या कपाशीची ओळ संपायची वाट बघत नाहीत, मधूनच जाऊन ढिगावर रिकामी करून येतात, कारण भरलेली ओटी माणसाला पुढे ओढते आणि पाठ धरते. कमरेच्या बॅगेचं गणित तसंच आहे: बांधणी हाडावर हवी, आणि भार थोडा हवा.

पट्ट्याची पट्टी किमान पाच सेंटिमीटर रुंद असावी. बाजूच्या हाडांवर येणारा गादीचा भाग आठ-दहा सेंटिमीटरचा असला तर उत्तम. अंगठ्यानं गादी दाबून बघा. लोण्यासारखी दबली तर महिन्याभरात पापड होईल, थोडी ताठ हवी. पट्टा पिशवीला जिथे शिवलेला असतो तिथली शिलाई उजेडात धरून तपासा. चौकोनात फुली मारलेली किंवा आडवी दाट टाचलेली असेल तर विश्वास ठेवा, नुसती एकेरी शिलाई असेल तर बॅग परत द्या. बक्कल लावून दोन्ही हातांनी जोरात ओढा. ते एका हाताने, न बघता लागतं का तेही बघा, कारण गाडीवरून उतरताना दुसऱ्या हातात हेल्मेट असतं. पट्टा लांब-आखूड करायला पुरेसा वाव हवा. जानेवारीत स्वेटरवरून बांधायचा असतो, मेमध्ये पातळ सुती कुडत्यावरून. साडीवर बांधणाऱ्यांनी तर साडी नेसूनच बॅग घालून बघावी. निऱ्यांची जाडी समोर येते, म्हणून बक्कल मधोमध न येता जरा बाजूला सरकवता येईल असं हवं.

बॅग घालून बघण्यासाठी दुकानातल्या आरशाचा काही उपयोग नाही. परत करायची सोय असेल अशाच ठिकाणाहून घ्या आणि घरी आणून तुरीच्या डाळीच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या आत भरा, तुमच्या सामानाच्या वजनाइतक्या. मग तासभर घरकाम करा. उकिडवं बसा, फोटो काढताना बसता तसंच. जिना चढा. वाकून बादली उचला. धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडल्यासारखी मोठी ढांग टाका. बॅग समोर असताना मांडीला आपटते का, मागे असताना खुर्चीला टेकता येतं का, बाजूला असताना हात मोकळा हलतो का, हे सगळं त्या तासात कळतं. पट्टा चांगला असला तर तो न सोडता बॅग मागून पुढे फिरवता येते. चालताना मागे, काम करताना पुढे. फिरवताना कुडता गोळा होऊन वर चढत असेल तर पट्ट्याची आतली बाजू फार खरखरीत आहे.

झाकण अंगाकडून बाहेरच्या बाजूला उघडणारं घ्या. अंगाकडे उघडणारं झाकण पोटाला येऊन अडतं आणि दर वेळी हनुवटीखाली डोकावून बघावं लागतं. बाहेर उघडणाऱ्या झाकणात हात सरळ आत जातो. धुळीसाठी चेनच्या वर कापडाची पट्टी असावी. चेनचा रनर मोठा, बोटात धरता येईल असा, आणि कोपऱ्यावर न अडकणारा. वेलक्रोवर बंद होणारं झाकण मी टाळायलाच सांगते. टिपेश्वरच्या जंगलात चितळ कान टवकारून उभं असताना, किंवा किर्तनात बुवा थांबलेले असताना तो फर्रर्र आवाज फार लांब जातो. आतली पार्टिशनं वेलक्रोची असली तरी चालतात, ती घरीच एकदा लावायची असतात.

पाठीला लागणाऱ्या बाजूची जाळी हा आपल्याकडे खास बघण्याचा मुद्दा आहे. जाळीनं हवा खेळते, घाम कमी येतो, हे खरं. पण दिवाळीनंतर वाळलेल्या गवतातून चालून या आणि ती जाळी बघा. कुसळं आडवी-तिडवी शिरलेली असतात, आणि पुढच्या वेळी बॅग बांधली की एकेक कंबरेला टोचतं. चिमट्यानं काढायला संध्याकाळ जाते. माळरानात, पडीक वावरांत जास्त फिरणं असेल तर गुळगुळीत कापडाची पाठ घ्या आणि थोडा घाम सोसा. गावातच, सण-समारंभात फोटो काढत असाल तर जाळी खुशाल घ्या.

कापडावर ५००डी, १०००डी असं लिहिलेलं दिसेल. तो डेनिअर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. आपल्याला ५०० पुरेसं आहे. १०००चं कापड बाभळीच्या काट्याला दाद देत नाही, पण जड पडतं. रंग फिका घ्या, मातकट किंवा राखाडी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये पारा ४५च्या वर जातो आणि काळी बॅग उन्हात हात लावू देत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, तेव्हा बॅटऱ्या अंगाच्या बाजूच्या कप्प्यात, सावलीला ठेवा. दुपारी बॅगेवर ओला करून पिळलेला दुपट्टा टाकला तरी फरक पडतो, फक्त चेन बंद असू द्या. फटफटीच्या डिक्कीत किंवा टिनाच्या खोलीत बॅग ठेवून देऊ नका. उष्णतेनं आणि दमटपणानं कापडाच्या आतला पाणी अडवणारा थर चिकट होऊन सुटायला लागतो.

पावसाचं थोडक्यात. सोबत मिळणारं रेनकव्हर पिशवी झाकतं, पट्टा झाकत नाही, आणि भिजलेल्या पट्ट्यातून पाणी हळूहळू आत झिरपतं. म्हणून आत एक जाड प्लास्टिकची पिशवी कायम घडी घालून ठेवा आणि पाऊस आला की कॅमेरा आधी तिच्यात टाका. घरी आल्यावर बॅग उघडी करून पंख्याखाली वाळवा. हिवाळ्यात उलटी काळजी: पहाटे तुरीच्या वावरात गारठलेला कॅमेरा घरात आणल्या-आणल्या बाहेर काढू नका. बंद बॅगेतच तास-दीड तास राहू द्या, म्हणजे काचेवर दव धरणार नाही.

कुठे जाणार त्यावर आत काय भरायचं ते ठरतं. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असेल तर एकच लेन्स लावून जा. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, आता पट उघडपणे भरतात आणि गर्दीही तशी असते. बैल सुटले की इतका धुरळा उडतो की लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती ओढून घेणं. ५५-२५० किंवा ७०-३०० लावा, दुसरी लेन्स घरी ठेवा. पट्ट्याची लोंबती टोकं आत खोचा, नाही तर रबरानं बांधा. कठड्याच्या बांबूत टोक अडकलं आणि जोडी दिशा सोडून आली तर मागे सरकता आलं पाहिजे.

झाडीपट्टीतल्या नाटकाला जाणार असाल, म्हणजे वडसा, ब्रह्मपुरी, साकोली त्या पट्ट्यात दिवाळीनंतरच्या रात्रींना, तर बॅग आणखी हलकी करा. कॅननची ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स फक्त १६० ग्रॅमची आहे आणि मांडवातल्या उजेडात तीच कामाला येते. मंडळी दाटीवाटीनं जमिनीवर बसलेली असतात, तेव्हा बॅग पोटाशी घेऊन मांडी घालून बसता आलं पाहिजे. लेन्सची झाकणं ठेवायला एक ठरलेला छोटा कप्पा हवा, अंधारात ती शोधत बसलं की प्रवेश संपतो.

ताडोब्याच्या जिप्सीत मोठी लेन्स असेल तर ती मांडीवर, बीन बॅगवर, म्हणजे लेन्स टेकवायच्या धान्य भरलेल्या उशीवर. बीन बॅग रिकामी न्यावी आणि गावात गहू नाही तर तांदूळ घेऊन भरावी. कमरेच्या बॅगेत फक्त दुसरी लेन्स, बॅटऱ्या, कार्डं आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं त्याची मूळ प्रत, कारण गेटवर तीच बघतात. मंगळवारी ताडोबा बंद असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याचे, दरवाजे बंद, तेव्हा तारीख आधी बघा. मोबाइल आणि कॅमेऱ्याचे नियमही बुकिंग करतानाच वाचून घ्या. लोणारच्या विवरात उतरायचं असेल तर बॅग पूर्ण मागे फिरवा. उतारावर पाय कुठे पडतो ते दिसलं पाहिजे आणि दोन्ही हात रिकामे पाहिजेत.

एसटीत मात्र बॅग नेहमी समोर. एक तर चोरीची भीती, आणि दुसरं, मागे राहिली तर शेजारच्या आजी सांगतातच, “बाबू, तुहा थैला लागून राह्यला मले, समोर घे.” फटफटीवर मागे बसणाऱ्यानं बॅग स्वतःच्या आणि चालवणाऱ्याच्या मध्ये घ्यावी. चालवणाऱ्यानं ती मागे फिरवावी आणि पट्टा एक घर घट्ट करावा. पांदणीच्या खड्ड्यांत सैल बॅग सीटवर आपटत राहते आणि दणका लेन्सला बसतो.

पैशांबद्दल एवढंच सांगते की थिंक टँक किंवा लोप्रोसारख्या कंपन्यांचे सुटा पट्टा आणि त्यावर सरकवायचे वेगवेगळे पाऊच हे महाग प्रकरण आहे, लग्नाची कामं घेणाऱ्यांना ते परवडतं आणि उपयोगी पडतं. बाकीच्यांनी मध्यम किमतीची एकसंध बॅग घ्यावी. तिचा पट्टा कच्चा वाटला तर तालुक्याच्या गावातल्या बॅगा शिवणाऱ्याकडून रुंद पट्टी आणि जाड फोम लावून घ्यावं. तो काम करत असताना समोर बसा आणि बक्कल कुठे हवं ते स्वतःच्या कमरेवर खडूनं खूण करून दाखवा. एक जास्तीचं बक्कल त्याच्याकडूनच घेऊन बॅगेच्या तळाशी टाकून ठेवा.

निघण्याच्या आदल्या रात्री बॅग पूर्ण रिकामी करून झटका. चेनच्या दातांवरून जुना टूथब्रश फिरवा, पार्टिशनखालची माती ब्लोअरनं काढा. भरलेल्या बॅटऱ्या उजव्या बाजूच्या कप्प्यात, वापरून झालेल्यांसाठी डावा रिकामा. कोरं कार्ड कॅमेऱ्यात, भरलेलं डबीत उलटं. सुटे पैसे, गोळ्या, छोटा टॉर्च. पाण्याची बाटली या बॅगेत अजिबात नको, ती खांद्याला वेगळी अडकवा. शेवटी सगळं भरून बॅग एकदा बांधा, माणसांच्या वजनाच्या काट्यावर आधी बॅगेसह उभे राहा, मग बॅग काढून. सव्वादोन किलोंच्या वर फरक आला तर एक लेन्स काढून कपाटात ठेवा.