रेकॉर्ड अडकली तर

रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकली की मी आधी सुई बघतो. टोकाला धुळीचा पुंजका असेल, तर मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झाडायचा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब घालून मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेनेच गोल फिरवायचं, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं. लेबल कोरडं ठेवा. लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल कधीच नको, लाख विरघळते.

तरीही मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर दर १.८ सेकंदांनी, म्हणजे फेरीगणिक, ‘टक्’ येतंय? तो आडवा ओरखडा. भिंगाखाली जागा शोधा आणि लाकडी टूथपिकचं टोक खाचेतून अलगद, सुई जाते तसंच, फिरवा. उचकटलेली कड बरेचदा बसते.

सुई उडू नये म्हणून टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, ठेवलेलं नाणं मला बघवत नाही. जास्त वजनाने खाच कायमची झिजते.