पगारातून वसुली लावली? खुलासा लिहिताना आणि नंतरही या चुका टाळा

पुण्यात स्टेशनजवळच्या सरकारी ऑफिसांच्या मागे ज्या चहाच्या टपऱ्या आहेत ना, तिथे दुपारी दोनच्या सुमारास उभे राहा, दर दुसऱ्या माणसाच्या हातात कुठला ना कुठला मेमो असतो. मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या फाईली बघणाऱ्या शाखेत, सव्वीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, पण पेन्शनच्या कामाला त्या बाजूला गेलो की कोणीतरी गाठतंच. मागच्या वेळी एका भांडारपालाने गाठलं. मोबाईलवर पत्राचा फोटो, जेमतेम चार ओळी. "आपल्या हलगर्जीपणामुळे शासनाचे रु. १,८६,००० इतके नुकसान झाल्याने सदर रक्कम आपल्या वेतनातून दरमहा रु. १५,५०० प्रमाणे १२ हप्त्यांत वसूल करण्यात येत आहे." चौकशी नाही, कुठला नियम ते नाही, नुकसान कशाचं तेही धड नाही.

म्हटलं आधी खुलासा मागितला होता का? म्हणाला हो भाऊसाहेब, दिला ना. दाखव. तर दुसरा फोटो, त्याच्याच हस्ताक्षरात: "सदर बाब नजरचुकीने घडली असून मोठ्या मनाने माफ करावे, पुन्हा असे होणार नाही."

झालं. ऑफिसने त्याच्याविरुद्ध दुसरा कुठलाही कागद पुढे केला नव्हता, हा मात्र यानेच नेऊन दिला.

खुलासा म्हणजे माफीनामा नव्हे

ही सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात महाग चूक, म्हणून इथेच जरा थांबतो. आपल्याकडे सवय अशी की साहेब चिडलेत, दोन ओळी नरमाईच्या लिहू, विषय संपेल. पण फाईलवर साहेबांचा मूड दिसत नाही, फाईलवर तुमचा कागद दिसतो. आणि "नजरचुकीने" हा शब्द दिसला की टिप्पणी लिहिणारा लिहितो, "अपचाऱ्याने चूक मान्य केली असल्याने स्वतंत्र चौकशीची आवश्यकता नाही." (अपचारी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो कर्मचारी.) मी स्वतः असल्या टिप्पण्या लिहिल्यात, कशाला खोटं बोलू.

आता नियम काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे, त्यात निष्काळजीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे शासनाचं झालेलं आर्थिक नुकसान पूर्ण किंवा अंशतः वेतनातून वसूल करणं ही एक किरकोळ शिक्षा म्हणून दिली आहे. म्हणजे ती शिक्षा आहे, हिशोबाची दुरुस्ती नाही. शिक्षा म्हटली की नियम १० आला: दोषारोप काय आहे ते लेखी कळवायचं, कारवाईचा प्रस्ताव आहे हेही लेखी कळवायचं, म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची, ते म्हणणं विचारात घ्यायचं आणि मग प्रत्येक आरोपावर निष्कर्ष लिहायचा. नुसतं "तीन दिवसांत खुलासा सादर करा अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल" एवढ्या मेमोवर हे होत नाही.

मग खुलाशात लिहायचं काय? आधी माफी नाही. आधी आरोप स्पष्ट शब्दांत नाकारायचा, म्हणजे अर्थात खरोखर तसं नसेल तर. "आरोप मान्य नाहीत" हे तीनच शब्द वाटतात पण त्यावर पुढचं सगळं उभं राहतं, कारण सुप्रीम कोर्टाने ओ. के. भारद्वाज प्रकरणात म्हटलंय की किरकोळ शिक्षेतसुद्धा आरोप वस्तुस्थितीबद्दलचे असतील आणि कर्मचारी ते नाकारत असेल तर चौकशी करायला हवी. नाकारलंच नाही तर हा मुद्दाच उरत नाही.

पण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धवट सांगतोय असं होईल. फूड कॉर्पोरेशनच्या प्रल्हाद राव प्रकरणात त्याच कोर्टाने असंही म्हटलंय की किरकोळ शिक्षेत प्रत्येक वेळी सविस्तर चौकशी लावलीच पाहिजे असं नाही, तो शिस्तभंग प्राधिकाऱ्याचा, म्हणजे शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याचा, विवेक आहे. त्यामुळे "चौकशी नाही म्हणजे आदेश रद्द" असं ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड करतो त्यावर विसंबू नका. तुम्ही लेखी मागणी करायला पाहिजे की माझ्या प्रकरणात नियम ८ प्रमाणे सविस्तर चौकशी का गरजेची आहे: साक्षीदार तपासायचेत, रजिस्टर वादात आहे, चावी दोघांकडे होती, जे असेल ते. मागणी केली आणि त्यांनी कारण न देता नाकारली, की मग तुमच्या हातात काहीतरी आहे.

आणि हो, कलम ३११ लिहू नका. दहापैकी आठ खुलाशांत "भारतीय राज्यघटनेच्या कलम ३११ चे उल्लंघन" असतं. ३११(२) बडतर्फी, सेवेतून काढणे आणि पदावनती यांच्यापुरतं आहे. वसुली त्यात बसत नाही. समोरचा विधी अधिकारी पहिलं तेच खोडतो आणि तुमचं बाकीचं खरं म्हणणंही हलकं वाटायला लागतं.

वसुली कसली ते न बघता निकाल चिकटवणं

वसुली दोन प्रकारची असते आणि लोक दोन्हीची खिचडी करतात. एक नुकसानभरपाईची, जी वर सांगितली. दुसरी अतिप्रदानाची, म्हणजे वेतननिश्चितीत चूक झाली, जास्त पगार गेला, आणि सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर आक्षेप निघाला.

पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह हा डिसेंबर २०१४ चा निकाल सगळ्यांना पाठ आहे, पण तो दुसऱ्या प्रकाराचा आहे. त्यात कोर्टाने सांगितलं की वर्ग ३ आणि वर्ग ४ चे कर्मचारी, रिटायर झालेले किंवा वर्षभरात होणारे, आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ जास्तीचं वेतन दिलं गेलेले, चुकीने वरच्या पदाचं काम करायला लावलेले, आणि जिथे वसुली फारच अन्यायाची होईल असे, यांच्याकडून ती करू नये. या भांडारपालासारखी, गोदामात बॅटऱ्या कमी भरल्या म्हणून लावलेल्या वसुलीला तो लावून उपयोग नाही. तिथे प्रश्न वेगळाच: नुकसान झालं का, किती झालं, ते कोणाच्या कामात येत होतं आणि याच्याच चुकीमुळे झालं का.

अतिप्रदानात सुद्धा एक खड्डा आहे. वेतन आयोगाच्या वेळी विकल्पासोबत (नवी वेतनश्रेणी निवडण्याचा कागद) आपण सगळ्यांनी एक वचनपत्र सही करून दिलेलं असतं, जास्त रक्कम गेली तर परत करीन असं, आठवत पण नाही कोणाला. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने अशा वचनपत्राने कर्मचारी बांधला जातो असं धरलंय. म्हणून रफिक मसीहची झेरॉक्स जोडण्याआधी सेवापुस्तक उघडून ते वचनपत्र तिथे आहे का, आणि कुठल्या वेतननिश्चितीसाठी दिलेलं आहे ते बघा.

कागद न बघता उत्तर

भांडारपालाला मी म्हटलं, अरे रजिस्टर बघितलंस का? तर म्हणे ते साहेबांच्या कपाटात आहे. मग अर्ज लिहिला: साठा पडताळणी अहवाल, साठा नोंदवही, निर्गम पावत्या (माल बाहेर दिल्याच्या), प्रभार हस्तांतरण यादी (चार्ज देता-घेतानाची) आणि नुकसानीची किंमत कशी काढली तो तक्ता, हे सगळं पाहायला द्या आणि ते पाहून नव्याने सविस्तर खुलासा द्यायला मुदत द्या. आवक शिक्का मारून पोच घेतली. आठ दिवसांनी बोलावलं, दोन तास एका खोलीत बसवलं.

रजिस्टरचं पान असं: यूपीएसच्या बॅटऱ्या, मागील पानावरून शिल्लक २४. तीच २४ पुढच्या तीन पानांवर कोणीतरी शाईपेन बदलून बदलून ओढत नेलेली, एकही निर्गम नाही. आणि पावत्यांच्या गठ्ठ्यात मात्र तालुक्याच्या ऑफिसला ८ बॅटऱ्या दिल्याची पावती, घेणाऱ्याच्या सहीसकट, तारीख याच्या रुजू होण्याच्या आधीची. रजिस्टरात नोंदच केलेली नाही. उरल्या १६. त्या जुन्या, फुगलेल्या, निर्लेखनासाठी (निकामी म्हणून साठ्यातून कमी करण्यासाठी) काढून ठेवलेल्या असं गोदामातले सगळे तोंडी सांगतात, कागद नाही. आणि किंमत? सगळ्या २४ नगांना आजच्या नव्या बॅटरीचा दर, ७,७५० प्रमाणे. खरेदीच्या बिलात ४,२००. घसारा वगैरे शब्द त्या तक्त्याला माहीतच नाही.

माफीनामा लिहिला तेव्हा यातलं काहीही त्याने बघितलेलं नव्हतं.

त्याचीही एक चूक होती, तीही सांगतो. चार्ज घेताना यादीखाली "यादीप्रमाणे मोजून ताब्यात घेतले" वर सही ठोकली होती, मोजलं काहीच नव्हतं, जाणाऱ्याला रिलीव्ह व्हायची घाई. तुम्ही असं करू नका. मोजायला वेळ नसेल तर सरळ लिहा, "प्रत्यक्ष मोजणी न करता नोंदवहीवरून", आणि मोजणीसाठी तारीख मागा. जाणारा रागावेल. रागावू दे.

कागद देतच नाहीत अशीही ऑफिसं आहेत. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, पण त्यात ३० दिवस जातात आणि खुलाशाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून दोन्ही करा: माहिती मागा आणि मुदतीत एक तात्पुरता खुलासाही द्या, की आरोप नाकारतो, कागद मिळाल्यावर सविस्तर देईन.

"भरून टाक रे, विषय मिटेल"

हे वाक्य प्रत्येक ऑफिसात एक तरी सीनियर बोलतोच, आणि प्रेमाने बोलतो. ऑडिटचा परिच्छेद, म्हणजे अहवालातला आक्षेप, निघालाय, वरून विचारणा आहे, सगळ्यांनी मिळून भरू आणि परिच्छेद वगळून घेऊ. पैसे भरले की परिच्छेद निकाली निघतो, पण चलनावर नाव तुमचं असतं आणि प्रमोशनच्या वेळी कोणीतरी ते काढतं. अपहाराचा वास असेल तर फौजदारी पण टळत नाही. भरावेच लागले तर "हक्क राखून, हरकतीसह" असं लेखी पत्र देऊन भरा.

लेखापरीक्षण आक्षेप म्हणजे निष्कर्ष नाही, तो प्रश्न आहे. तसंच तिघांची नावं निघाली म्हणून रक्कम भागिले तीन, हे गणित झालं, जबाबदारी निश्चिती नाही झाली. कोणाचा वाटा किती आणि का हे आदेशात लिहावं लागतं. मुंबई वित्तीय नियमांत नुकसानीला कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार धरता येतो असं आहे आणि आदेशात हमखास तोच लिहिलेला असतो, पण त्याने शिस्त व अपील नियमांची प्रक्रिया गाळायची मुभा मिळत नाही.

रिटायरमेंट तोंडावर असेल तर

इथे घाई दोन्हीकडून होते. ना-देय दाखला (काही येणं बाकी नाही असा) अडवतात, ग्रॅच्युइटीतून परस्पर कापतात, आणि माणूस म्हणतो पेन्शन तरी सुरू होऊ दे. निवृत्तिवेतन नियम, १९८२ चा नियम २७ नीट वाचा. रिटायर झाल्यावर पेन्शनमधून नुकसान वसूल करायचं तर विभागीय किंवा न्यायिक कार्यवाहीत गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. सेवेत असताना कार्यवाही सुरू झाली नसेल तर नंतर शासनाची मंजुरी लागते, आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी असेल तर सुरूच करता येत नाही. सुरू झाली कधी धरायची? दोषारोपपत्र दिलं ती तारीख, किंवा त्याआधी निलंबन असेल तर ती. नुसती कारणे दाखवा नोटीस म्हणजे कार्यवाही नव्हे. झारखंडच्या जितेंद्रकुमार श्रीवास्तव प्रकरणात, २०१३ मध्ये, पेन्शन ही मालमत्ता आहे आणि नियमाचा आधार नसताना ती रोखता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय.

चुकीच्या दारात जाणं आणि उशिरा जाणं

राज्य सरकारी असाल तर आधी खात्यांतर्गत अपील, आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत. आदेश ज्या दिवशी हातात पडला ती तारीख पोच देताना सहीखाली स्वतः लिहा, मागची तारीख टाकून पाठवणारी ऑफिसं कमी नाहीत. अपिलावर सहा महिने काहीच झालं नाही तर मॅटचा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा) दरवाजा उघडतो आणि तिथून पुढे एक वर्ष. पुण्याला मॅटचं खंडपीठ नाही, मुंबईला जावं लागतं. थेट हायकोर्टात गेलात तर आधी मॅटला जा असं सांगून परत पाठवतात.

झेडपीवाल्यांचं वेगळं, त्यांना १९६४ चे जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम आहेत आणि मॅट त्यांच्यासाठी नाही. महापालिकेचंही तसंच, तिथे महानगरपालिका अधिनियम आणि त्याखालचे नियम. केंद्र सरकारच्या ऑफिसातले कॅटकडे, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा अर्ज कॉपी करण्याआधी तो कुठल्या आस्थापनेचा आहे ते बघा, पुण्यात एकाच बिल्डिंगमध्ये तीन प्रकारचे लोक बसतात.

अजून एक, वकील लोक हे सहसा आधी सांगत नाहीत. प्रक्रियेतल्या दोषावर आदेश रद्द झाला तरी बऱ्याचदा "नियमानुसार नव्याने चौकशी करण्याची मुभा" ठेवूनच होतो. म्हणून खुलाशात निव्वळ "मला संधी दिली नाही" एवढंच न लिहिता मूळ मुद्दा, म्हणजे बॅटऱ्या कुठे गेल्या, तोही कागदासह मांडून ठेवा.

भांडारपालाचं आत्ता असं आहे: दोन हप्ते कापले गेले. पहिला खुलासा कागद न दाखवता घेतला होता म्हणून तो मागे घेतो असं लिहून सविस्तर खुलासा दिला, अपील केलं, सोबत आठ बॅटऱ्यांच्या पावतीची साक्षांकित प्रत आणि तालुक्याच्या ऑफिसची पोच. तिसरा हप्ता पगारबिलातून वगळला, म्हणजे कापला नाही, तोंडी आदेशावर, लेखी काही नाही. त्या लेखीसाठी तो दर सोमवारी आस्थापनेत जाऊन बसतो, आणि सोळा बॅटऱ्यांचा निर्लेखन प्रस्ताव कधी कोणी टाईप केला होता का ते जुन्या जावक रजिस्टरात शोधतोय.