विषमतेबद्दल लोकांचं मत विचारताय? सातारा-सांगलीत या चुका टाळा

पारावर बसलेल्या माणसाला "तुमच्या गावात जातिभेद आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "न्हाई हो, आमच्याकडं तसलं काय न्हाई." चौघं कान देऊन ऐकत असताना वेगळं कोण बोलणार? तरी हेच उत्तर तक्त्यात जातं आणि अहवालात 'लोकांचं मत' होऊन बसतं.

म्हणून प्रश्न मताचा नको, वागण्याचा हवा. २०११-१२ च्या इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेत आधी विचारलं होतं, घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? पहिल्या प्रश्नातून निसटलेले काही जण दुसऱ्यात सापडले. दोन्ही मिळून आकडा सुमारे २७ टक्क्यांवर गेला. मुलाखत घरात, एकांतात घ्या. "मालकांनाच इचारा" असं म्हणणाऱ्या बाईकडे दुसऱ्या दिवशी मुलाखत घेणारी मुलगी पाठवा. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरचा सावध होतो, तेव्हा कोणती मुलाखत कुणी घेतली हेही नोंदवा. एकाच मुलाखतकाराकडे सगळी उत्तरं गुळगुळीत येत असतील तर त्याची काही घरं दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या.

'विषमता' हा शब्द तर प्रश्नावलीतून काढूनच टाका. "गरीब-श्रीमंतांतलं अंतर फार आहे का?" यालाही बहुतेक जण मान डोलावतात आणि हाती काही लागत नाही. आंतरराष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षणात (ISSP) १९८७ पासून चालत आलेली विषमतेच्या प्रश्नांची रीत मला फार उपयोगी वाटते: अमुक काम करणाऱ्याला किती मिळत असेल आणि किती मिळायला हवं, असे दोन आकडे विचारायचे. आपल्याकडे ऊसतोड मजूर आणि साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक घ्या. लोकांना किती तफावत मान्य आहे ते त्या आकड्यांतून कळतं.

आता नमुना, म्हणजे कुणाकुणाला विचारायचं ते. मतदार यादीतून घरं काढलीत तर गळितात उसाच्या फडाशेजारी कोप्यांत राहणारी बीडकडची ऊसतोड कुटुंबं यादीत सापडणारच नाहीत, आणि जिल्ह्यातली सगळ्यात उघडी विषमता तिथंच आहे. विटा-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली घरं देशभर पांगलेली आहेत. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं उघडं घर घेऊ नका. संध्याकाळी, सणाला पुन्हा जा.

"जमीन किती?" एवढ्यावर श्रीमंती ठरवणं ही आमच्याकडची जुनी चूक. जतमधली दहा एकर जिरायत आणि वाळव्यातली दोन एकर बागायत एका मापात बसत नाही. पाणी कुठलं आहे ते विचाराच: विहीर, नदी, की टेंभू-म्हैसाळ उपसा योजना.

आकडेमोडीतल्या चुका लवकर सापडतात, फक्त तपासायला हव्यात. 'माहीत नाही' साठी दिलेला ९९ हा कोड सरासरीत शिरला तर सगळं बिघडतं. जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या प्रश्नात १ म्हणजे उत्पन्न अधिक समान असावं आणि १० म्हणजे कष्टाला अधिक मोबदला मिळावा. मोठा आकडा म्हणजे समतेला पाठिंबा, असं धरलं की निष्कर्षच उलटा होतो. चारशे जणांच्या साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढावा तशा) नमुन्यात नमुन्यामुळे येणारी चूक साधारण पाच टक्के इकडेतिकडे असते. पण सांगलीच्या दहा तालुक्यांत तो वाटला की तालुक्याला चाळीसच येतात आणि चूक पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. मग मिरज-जत तुलना करू नका. शिवाय २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यातले सुमारे ८१ टक्के लोक ग्रामीण होते. तुमच्या नमुन्यात निम्मे लोक सातारा शहरातले असतील तर भारांक लावल्याशिवाय, म्हणजे प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या वाट्याइतकं वजन दिल्याशिवाय, जिल्ह्याचं मत सांगू नका.

आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना गाळण्याआधी ते कोण आहेत ते बघा. बहुतेक बायका किंवा भूमिहीन निघाले, तर तो प्रश्न त्यांच्या बोलीत लिहून आणखी तीस घरांत विचारून पाहा.