साइज 2 केबी? मग ती तुमची फाइल नाही! नवशिक्यांनो, या चुका टाळा

बारावीचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हमध्ये घेऊन एक मुलगी झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे फाइल काही केल्या उघडेना. ‘करप्ट झालीय’ असं ऐकून रडवेली होऊन ती माझ्याकडे क्लासला आली. मी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. साइज 2 केबी! फोटो लावलेला वीस पानांचा प्रोजेक्ट एवढ्यात मावेल कसा? तिने डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उचलून आणला होता. खरी फाइल घरी सुखरूप होती.

शॉर्टकट म्हणजे फाइल कुठे आहे याचा नुसता पत्ता. आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटा बाण दिसला की तो शॉर्टकट समजा. त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडलं की मूळ फाइल सापडते, ती कॉपी करा. यात एक फसगत आहे. पेन ड्राइव्हमधला शॉर्टकट घरच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित उघडतो, कारण मूळ फाइल तिथेच असते. म्हणून नुसतं उघडून बघू नका, साइजही बघा.

ऑनलाइन फॉर्म भरताना फोटो जेपीजी मागतात आणि आपल्याकडे असतो पीएनजी. हे फोटो साठवायचे दोन वेगळे प्रकार. मग बरेच जण फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. त्याने आतला फोटो बदलत नाही. पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मधून जेपीईजी, म्हणजेच जेपीजी, निवडा.

जुनं मराठी पत्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर व्हायरस समजून डिलीट करू नका, कळकळीने सांगतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल, तर मागची इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्ट टाकला की पत्र पुन्हा वाचता येतं. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची वेगळी जागा देणाऱ्या पद्धतीत टाइप करा, म्हणजे तो मोबाइलवरही वाचता येईल.

‘मेमरी फुल झाली’ हे तर रोजचंच. कॉम्प्युटर हळू चालायला लागला की लोक घरचे फोटो डिलीट करतात. फोटो असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर, म्हणजे फाइल कायमच्या साठवायच्या जागेवर. त्यातला विंडोज असलेला भाग, म्हणजे सी ड्राइव्ह, अगदी काठोकाठ भरला असेल तर जागा करून फरक पडतो, नाहीतर बहुतेकदा भरलेली असते ती रॅम, म्हणजे चालू काम जिथे मांडलेलं असतं ती जागा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांवर दिसला, तर ब्राउझरचे नको असलेले टॅब बंद करा, फोटोंना हात लावू नका.

लाइट गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. सेव्ह न केलेलं पत्रही तिथेच असतं. नवीन फाइल उघडली की पहिली ओळ लिहिण्याआधीच कंट्रोल धरून एस दाबा आणि फाइलला नाव द्या.