कमरेच्या रिव्हॉल्व्हरची जागा बदलताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

लायसन्स मिळून मला बरीच वर्षं झाली. कापूस खरेदीचं काम, सीझनमध्ये कॅश घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत फिरावं लागतं म्हणून घेतलेलं, आपलं ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ बोअर. एवढी वर्षं ते उजव्या कमरेला जरा मागं असायचं, म्हणजे बेंबीवर बारा वाजले धरले तर चारच्या काट्यावर. पण बोलेरोत बसलं की ते सीटमध्ये दबायचं अन् सीटबेल्टचं बक्कल त्याच्यावर चढायचं, अन् मोटरसायकलवर तर हवेनं शर्ट उडाला की मागून येणाऱ्याला सगळं दर्शन. म्हणून दिवाळीनंतर ठरवलं की पोटापुढं लावून पाहू, एकच्या काट्यावर.

पहिली चूक आरशासमोरच झाली. शर्ट सोडला, इकडून पाह्यलं तिकडून पाह्यलं, काहीच दिसत नाही, झालं पास! आता दिवसभर आरशासमोर उभं कोण राहतं? दुसऱ्याच दिवशी नात्यातलं लग्न, खाली बसायची पंगत. मांडी घातली अन् मूठ सरळ बरगडीखाली, नळी जांघेत. वरण-भात येईपर्यंत चारदा सरकलो, दोनदा शर्ट ओढला, शेवटी वाढणारं पोरगं वाकून विचारते, "काकाजी, पोट दुखून राह्यलं का तुमचं?" अन् बाजूच्या पाव्हण्याची नजर माझ्या हातावर. कपड्याखालचा फुगवटा कोणी पाहत नाही हो, आपला हात जो सारखा तिथं जातो ना, तो पाहतात. (लग्नात ते न्यायलाच नको होतं ही चूक वेगळी. वरातीत हवेत फायर केला तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे तरी लोकांना माहीत असावं.)

म्हणून नवी जागा पाहायची तर घरीच, आठवडाभर, अन् रिकाम्या हत्यारानं. रिकामं म्हणजे खरंच रिकामं. आपलं .३२ मधोमध दुमडतं, खटका दाबून नळी खाली वाकवली की सहाही राउंड, म्हणजे गोळ्या, वर उचलले जातात, ते स्टीलच्या ताटात काढायचे, मोजायचे, ताट दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं, अन् मग गोळीच्या एकेका घरात बोट घालून पाहायचं, नुसती नजर नाही. मग मांडी घाला, उकिडवं बसा, बुटाची लेस बांधा, पोतं उचला, गाडीत चारदा चढा-उतरा. संडासात बसायची वेळ पण याच आठवड्यात पाहून घ्या, कारण पट्टा सोडला की कव्हर (होल्स्टर) उलटं होतं अन् वस्तू खाली पडते. कव्हरातून काढून खिळ्याला, खिडकीत ठेवायची तर बिलकुल नाही, विसरून उठून येतो माणूस. पॅन्ट गुडघ्यावर आली की पट्टा तिथंच परत आवळायचा, काम झालं.

दुसरी मोठी चूक म्हणजे जुनंच कव्हर नव्या जागी. कमरेचं कव्हर पुढं झुकवून शिवलेलं असतं, ते पोटापुढं लावलं की मूठ वाकडी येते अन् मनगट वळवून काढावं लागतं. मग मी मऊ इलॅस्टिकचं स्वस्तातलं घेतलं, ते त्याहून वाईट. हत्यार काढलं की त्याचं तोंड मिटतं, परत ठेवायला डाव्या हातानं उघडावं लागतं म्हणजे नळी आपल्याच बोटांसमोर. ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंड उघडं राहणारं कडक कव्हर पाहिजे, यात पैसे वाचवू नका.

परत ठेवताना घाई तर अजिबात नको. पोटापुढं नळीचं तोंड आपल्याच मांडीकडे असते, जिथं मोठी रक्तवाहिनी आहे. शर्टाचं टोक ट्रिगरजवळ अडकलं अन् वरून दाबलं तर काय होईल ते सांगायला नको. शर्ट पूर्ण वर, बोट ट्रिगरपासून दूर, अंगठा हॅमरवर, म्हणजे मागच्या घोड्यावर. काही अडकून ट्रिगर दाबला जात असला तर हॅमर मागं येताना अंगठ्याला कळते, तिथंच थांबायचं.

पट्ट्याचं बोलायचं तर बाजारातला पातळ पट्टा पाऊण किलोच्या वजनानं दुपारपर्यंत वाकतो. अन् कुर्ता-पायजम्यावर, नाडीत खोचून फिरणारे पुढारी मी डोळ्यांनी पाह्यलेत, आता त्यांना काय म्हणावं! आमच्या गावच्या टेलरकडून मी दोन इंच जास्त कमरेची पॅन्ट अन् पट्टा ओवायच्या रुंद लुप्पी शिवून घेतल्या, तेव्हा कुठं जमलं.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा, पोटापुढं घाम जास्तच. चामडं घाम पिऊन बसते, हत्यार रात्रभर त्यातच ठेवलं की गंज धरलाच समजा. रोज काढून पुसा, तेलाचा हलका हात द्या अन् कव्हराशिवाय कुलपात ठेवा.

आणखी एक, आज पुढं उद्या मागं असं करू नका. माझा हात तीन आठवडे चारच्या काट्यावरच जायचा, रिकामी कमर चाचपायचा. अन् जागा कोणतीही असो, लायसन्सवर कुठपर्यंत चालते ते लिहिलेलं असते. महाराष्ट्रापुरतं असेल तर पैनगंगा ओलांडून तेलंगणात आदिलाबादला कमरेला लावून जायचं नाही. टिपेश्वरसारख्या अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय हत्यार नेताच येत नाही, "कमरेला होतं, लक्षातच नव्हतं" हे कोणी ऐकत नाही.

पोटापुढचं मी दोन महिन्यांत सोडलं. बारीक माणसाला जमत असेल, माझं पोट सुटलेलं, वाकलं की मूठ टोचायचीच. आता बरोबर तीनच्या काट्यावर आहे, कडक कव्हरात, अन् पंगतीचं आमंत्रण असलं की घरच्या लोखंडी कपाटात.