वजन हलत नाहीये? आकडा खाली आणण्याआधी फोडणी मोजा

‘मी बाराशे कॅलरींच्या वर जातच नाही हो, तरी काटा तिथेच!’ ही तक्रार भिशीत, जिमच्या पायऱ्यांवर, ऑफिसात डबे उघडताना, कुठेही ऐकू येते. मीही केलेली आहे. त्यानंतर बहुतेक जण एकच करतात. बाराशेचे हजार करायचे, रात्रीची पोळी बंद, शनिवार धरायचा. पंधरा दिवस चिडचिड होते, मग एका संध्याकाळी चिवड्याचा डबा रिकामा होतो आणि ‘आमची प्रकृतीच अशी’ म्हणून विषय मिटतो.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी नेमकी अशीच माणसं तपासली. बाराशेपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शरीर खरोखर किती ऊर्जा खर्च करतं हे त्यांना खुणेचे अणू असलेलं खास पाणी पाजून मोजलं. चयापचयात काही खोट सापडली नाही. खाणं मात्र सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं. नोंदीत ते सरासरी ४७ टक्के कमी धरलं गेलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मुद्दाम कुणी खोटं बोललं असेल असं मला वाटत नाही. डोळ्यांचा अंदाज असाच चुकतो, माझाही चुकला होता.

म्हणून काटा अडला की आधी मोजणी तपासा. रोजच्या कॅलरींच्या लक्ष्याला हात नंतर.

फोडणीचं तेल

माझं भांडं फुटलं ते पळीमुळे. नोंदीत मी इमानेइतबारे ‘तेल १ चमचा’ लिहीत होते. एका रविवारी कढई स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि नेहमीच्या हाताने तेल ओतलं. ३१ ग्रॅम! एका भाजीत २८० कॅलरी. चौघांत वाटल्या तरी प्रत्येकी सत्तर. आमटीची फोडणी वेगळी, पोळीच्या घडीतलं वेगळं, थालीपिठाच्या भोकांत सोडलेलं आणखी वेगळं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, ऑलिव्ह, कुठलंही घ्या, दर ग्रॅमला ९ कॅलरी येतातच. ‘हार्टसाठी चांगलं’ असं बाटलीवर लिहिल्याने त्या कमी होत नाहीत.

पळी मोजायचा कंटाळा असेल तर वाण्याची यादी काढा. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी पोटात जातात. बाहेरचं आणि तूप त्यात धरलेलं नाही. नोंदवहीत तेलाच्या नावावर रोज चाळीसच कॅलरी दिसत असतील, तर गळती कुठे आहे ते तिथेच कळलं.

उपाय साधा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्या पिशवीवर तारीख लिहा आणि कढईत पळीऐवजी चहाचा चमचा वापरा. फोडणी बंद करू नका, फोडणीशिवायची भाजी कुणी आठ दिवसांपेक्षा जास्त खात नाही.

तेलाची सख्खी बहीण म्हणजे शेंगदाण्याचं कूट. उंच भरलेला एक मोठा चमचा साधारण १५ ग्रॅमचा, म्हणजे ८५ कॅलरी. काकडीच्या कोशिंबिरीत असे दोन पडले की ‘नुसती काकडी’ दोनशेच्या दिशेने निघते.

पोळी एकच, पण केवढी?

अ‍ॅपमध्ये ‘पोळी १’ निवडता, तेव्हा ती कुणाच्या घरची आहे हे अ‍ॅपला ठाऊक नसतं. २५ ग्रॅम कणकेचा कोरडा फुलका ८५ कॅलरींचा. ४० ग्रॅमची घडीची पोळी, आत चमचाभर तेल, ती १८० च्या आसपास. दोन्हींचं नाव पोळीच! भाकरीचा फरक आणखी मोठा. शहरातली पातळ भाकरी ४०-५० ग्रॅम पिठात होते, गावाकडच्या हाताची ८० ग्रॅमपर्यंत जाते. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला सुमारे ३४० कॅलरी असतात, आता तुम्हीच गुणाकार करा. एकदा सगळी कणीक मळण्याआधी तोला, पोळ्या मोजा आणि भागाकार करा. मग महिनाभर तोच आकडा चालतो.

भाताची चूक दोन्हीकडून होते. कच्चे तांदूळ १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, शिजलेला भात १०० ग्रॅमला सुमारे १३०. ताटातला भात तोलून कच्च्या तांदळाची नोंद निवडली, तर उगाच उपाशी राहाल. उलटं केलं तर दिवसाचा सगळा हिशोब कोसळतो.

पाकिटावरचं बारीक अक्षरही वाचा. कॅलरी ‘३० ग्रॅमच्या सर्व्हिंग’ला लिहिलेल्या असतात, पाकीट २०० ग्रॅमचं असतं. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना पाकिटावर किलोज्यूल दिसतील, त्यांना ४.१८ ने भागायचं.

जे ‘खाल्लं’ वाटतच नाही

चहा हे आपल्याकडे पेय धरतात, म्हणून तो नोंदीत येत नाही. मलईदार दूध पाऊण वाटी कपात गेलं, वर दोन चमचे साखर, की शंभराच्या पुढे. असे चार कप म्हणजे एक पूर्ण जेवण. ‘मी गुळाचा पिते’ असं म्हणणाऱ्यांना वाईट वाटेल, पण कॅलरींच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत नावापुरता फरक आहे. खजुराच्या लाडवात साखर नसते हे खरं, खजूर मात्र असतो.

शिवाय भाजी चाखताना, मुलाच्या ताटातलं ‘अन्न टाकवत नाही’ म्हणून, प्रसादाचा पेढा परत कसा करायचा म्हणून. आठवडाभर फक्त हेच एका कागदावर लिहून बघा. मला तिसऱ्या दिवशीच कागद उलटा करावा लागला.

आणि उपास! ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, १५ ग्रॅम तूप, अर्धा बटाटा: बशी सहाशेच्या घरात पोहोचली. दोन पोळ्या, भाजी, आमटी, भाताचं जेवणही साधारण तिथेच थांबतं आणि त्यात भाजी-डाळ तरी पोटात जाते. धर्मासाठी उपास करा, कुणाची ना नाही. वजनासाठी करत असाल तर ताक, फळं आणि भगर यांवर काढा, नाहीतर नेहमीचंच जेवा.

शनिवार-रविवारचा हिशोब मी नेहमी रुपयांत सांगते. सोमवार ते शुक्रवार रोज ४०० वाचवले, झाले २०००. शनिवारी मिसळ आणि रात्री बाहेर, रविवारी आमरस किंवा मटण आणि वर झोप. दोन दिवस हजार-हजार जास्त गेले की खातं शून्यावर.

लक्ष्य काढतानाच चूक

मोजणी नीट असूनही काटा हलत नसेल, तर आता लक्ष्याकडे बघा. बरीच अ‍ॅप विश्रांतीतली गरज काढायला मिफ्लिन आणि सेंट जेओर या संशोधकांचं १९९० चं सूत्र वापरतात. ४२ वर्षांची, ६८ किलो वजनाची, १५६ सेंटीमीटर उंचीची बाई धरू. स्वस्थ पडून राहिली तरी तिला सुमारे १२८५ कॅलरी लागतात. याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं असतं. बैठ्या दिनक्रमाला १.२ धरला तर १५४० येतात, ‘मध्यम हालचाल’ म्हणून १.५५ धरला तर १९९०. साडेचारशेचा फरक! घरकाम आणि अर्धा तास फिरणं याला बहुतेक जण ‘मध्यम’ समजतात. मग १९९० मधून ४०० वजा करून १५९० खातात आणि तूट शिल्लकच राहत नाही. शंका असेल तर खालचा गुणक धरा आणि तीन आठवड्यांच्या वजनावरून दुरुस्त करा.

दुसरी चूक, घड्याळाने दाखवलेल्या ‘जळालेल्या’ कॅलरी परत खाणं. हालचाल गुणकात आधीच मोजलेली असते. तिच्या नावाने वडापाव खाल्ला तर तो दोनदा खाल्ल्यासारखा होतो.

आठ-दहा किलो उतरल्यावर गाडी अडते, त्याचं कारणही याच सूत्रात आहे. शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते. दहा किलोंमागे विश्रांतीतलीच गरज शंभर कॅलरींनी घटते, चालण्या-फिरण्यातली वेगळी. जुनं लक्ष्य तेव्हा नव्याने काढायचं. ‘७७०० कॅलरी म्हणजे एक किलो’ हा हिशोब ढोबळ अंदाजाला ठीक, पण त्यावरून लग्नाच्या तारखेपर्यंतचा आलेख काढू नका. तो सरळ रेषेत जात नाही.

काट्यावर रोज चढणारे

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि पेढे वाटावेसे वाटतात. त्यातलं पुष्कळसं पाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा घटला की तेही जातं. उलट लोणचं-पापडाच्या जेवणानंतर, पाळीच्या आधी, पोट साफ नसताना काटा एखादा किलो वर दाखवतो. ती चरबी नव्हे. सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढून गेल्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. दोन-तीन आठवडे सरासरीच हलली नाही, तरच ‘अडलं’ म्हणायचं. तोवर कमरेला टेप लावा, काटा गप्प असतानाही कमरेचा आकडा उतरत असतो.

फार खाली गेलात तर

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटात शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे निम्म्या आहारावर, रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं. वजन चौथ्या हिश्शाने घटलं. सोबत उदासी आली, थंडी सोसेना आणि डोक्यात सतत जेवण. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. आकडा वाचून ‘मी तर बाराशेच खाते’ म्हणू नका. त्या धडधाकट पुरुषांची गरज याच्या दुप्पट होती. गरजेच्या निम्म्यावर माणूस ठेवला की काय होतं, हे त्यातून दिसलं. गरजेपेक्षा ३००-५०० कमी एवढी तूट पुरते. ८०० च्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचाच नसतो. भराभर वजन उतरवताना पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात केस येऊ लागतात, तेव्हा लोक शॅम्पू बदलतात.

पोळी कमी करताना प्रथिनं कमी होऊ देऊ नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पातळ आमटीची वाटी जेमतेम चार-पाच ग्रॅम देते. अंडं सहा ग्रॅम, मटकीची घट्ट उसळ, सोयाबीनच्या वड्या, मासे, दही यांचा आधार घ्या. पनीर चांगलं, पण त्याच्यासोबत चरबीही येते, तीही मोजा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी ही तूट स्वतःच्या मनाने करू नये. खाण्याशी पूर्वी झगडा झालेल्यांनी तर वही हातातच घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण घटवल्यावर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, जेवण नंतर कमी करायचं. पाळी चुकली, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर नोंदवही मिटा आणि दवाखाना गाठा.

तोलण्याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी: तीन आठवडे पुरतात. तेवढ्यात वाटी, पळी आणि आपल्या घरची पोळी यांचे आकडे तोंडपाठ होतात. माझा काटा आता कपाटात असतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भाजणीचं पीठ दळून आलं की, तो पुन्हा ओट्यावर येतो.